चावी कोणाकडे?

वाचक विचारतात

मागच्या अंकात शाळांमधल्या पर्यावरण उपक्रमांवर चार ओळी काय लिहिल्या, टपालात त्याच विषयाची पत्रं सगळ्यात जास्त आली. बहुतेकांचा सूर एकच : सुरू होतं धूमधडाक्यात आणि टिकत काही नाही. मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली १९ वर्षं हरित गट माझ्या गळ्यात होता. बंद पडलेल्या उपक्रमांचा माझा अनुभव दांडगा आहे. त्याच भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : मी नववीत आहे. मी सहावीत असताना आमच्या शाळेत हरित गट सुरू झाला. तेव्हाच्या ताई-दादांनी खूप कामं केली. प्रत्येक वर्गात चार रंगांचे कचऱ्याचे डबे, मागच्या अंगणात खताची टाकी, दिवे-पंखे बंद करायला ‘ऊर्जादूत’, भिंतीवर पृथ्वीचं मोठं चित्र. आता ते सगळे शाळा सोडून गेले. कागदाच्या डब्यात गोळ्यांची वेष्टनं आणि पेन्सिलींचा भुसा असतो. टाकीला कुलूप आहे. चित्र तेवढं उरलंय. सर म्हणतात, यंदा गटप्रमुख तू हो. पण मीही पुढच्या वर्षी जाणार. जे टिकणारच नाही ते करायचं कशाला? – एक विद्यार्थिनी

उत्तर : हो म्हण. पण आधी त्या कुलपाबद्दल बोलू.

आमच्याही टाकीला कुलूप होतं. प्रयोगशाळेच्या मागे तीन कप्प्यांची टाकी, वर पत्र्याचं झाकण. येता-जाता कुणीही त्यात काहीही टाकायचं, एकदा तर बूट निघाला, म्हणून कुलूप लावलं. चावी गटप्रमुखाकडे. मुलगा इतका प्रामाणिक की चावी कंपासपेटीत आणि कंपासपेटी उशाशी. मोठ्या सुट्टीत त्याच्या वडिलांची बदली झाली आणि कंपासपेटीसकट चावी दुसऱ्या गावी गेली. शाळा उघडल्यावर आम्ही काय केलं? सभा घेतल्या. नवा गटप्रमुख निवडला. जुन्याला पत्र पाठवायचं ठरलं, ते कुणी लिहायचं यात तीन आठवडे गेले. टाकी चार महिने बंद. शेवटी एका सकाळी शिपाईमामांनी दगडाचे दोन घाव घातले आणि कुलूप खाली पडलं. म्हणाले, “बाई, मला कुणी विचारलंच नाही.”

आत खत मात्र झकास झालं होतं. चार महिने कुणी उगाच ढवळलं नव्हतं की उत्साहाच्या भरात बादलीभर पाणी ओतलं नव्हतं.

माझ्या गटातलं मूल सरासरी दोन वर्षं माझ्याकडे राहायचं. मामा त्या शाळेत माझ्या आधीपासून होते. टाकी त्यांच्या खोलीच्या दारातून दिसायची. तरी तोवर मी त्यांना गटाच्या एकाही सभेला बोलावलं नव्हतं. त्यांच्याकडे चावी द्यावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण उपक्रम ‘विद्यार्थ्यांचा’ होता ना!

तुझे ताई-दादा गेले यात त्यांचं काही चुकलं नाही. शाळेतून मुलं जायचीच असतात. गेली नाहीत तर काळजी करावी. ग्रेटा थनबर्गचंच बघ. ऑगस्ट २०१८ मध्ये १५ वर्षांची ती मुलगी हवामान बदलाविरुद्ध पावलं उचला म्हणून शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी फलक घेऊन बसली, आणि पुढे दर शुक्रवारी बसू लागली. जून २०२३ मध्ये, २५१व्या आठवड्यात, तिचा शाळा-संप संपला. मागण्या मान्य झाल्या म्हणून नाही, तर तिची शाळा संपली म्हणून. शुक्रवारची निदर्शनं तिने पुढेही केली, पण शाळा-संप म्हणून करता येईना. एवढ्या गाजलेल्या मुलीची ही गत, तर तुमच्या ऊर्जादूतांनी जन्मभर पुरावं अशी अपेक्षा कशाला?

तेव्हा ऊर्जादूतांना आता निरोप दे. आमच्याकडेही होते. छातीला बिल्ला लावून मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून पळायचे. तिसऱ्या महिन्यात बिल्ला उरला, पळणं थांबलं. मग एक दिवस वर्गात उभी राहून मी वर बघितलं. सहा ट्यूबलाइट आणि बटण एकच. खिडकीकडच्या रांगेत लख्ख ऊन, पण ती विझवायची तर फळ्यावर अंधार. कोण विझवणार? वायरमनला बोलावून खिडकीकडच्या रांगेचं बटण वेगळं करून घेतलं आणि बटणाखाली रंगाने ‘खिडकी’ असं लिहिलं. काम अर्ध्या दिवसाचं. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही, शिकवायला उभे राहणारे आपसूक ती रांग बंद करू लागले. पुढे साध्या ट्यूब गेल्या आणि एलईडी आल्या. जुनी ४० वॉटची, तिच्या चोकचा खर्च वेगळा. नवी २० वॉटच्या आसपास. ती कुणाचा उत्साह मागत नाही. (जुन्या ट्यूब मात्र फोडू देऊ नकोस. आत थोडा पारा असतो, त्या अखंडच वेगळ्या जमा करायच्या.)

उद्या शाळेत एकही उत्साही माणूस उरला नाही तरी जे चालू राहील, ते आधी उरकून टाकावं. एकदाच भांडायचं, एकदाच करून घ्यायचं.

खताची टाकी आणि कचऱ्याचे डबे यांचं तसं नाही. त्यांना रोज माणूस लागतो, आणि इथे मला थोडं रागावून बोलायचंय. आमच्याही वर्गांत चार रंगांचे डबे आले होते. मुलं नेमाने वेगवेगळा कचरा टाकायची. एका संध्याकाळी दोघं उशिरा थांबली आणि डोळ्यांत पाणी घेऊन माझ्याकडे आली : सफाईच्या मावशी चारही डबे एकाच पोत्यात रिकामे करतात! मी तावातावाने गेले. मावशी शांतपणे म्हणाल्या, “बाई, खाली न्यायला मला पोतं एकच मिळतं. आणि गाडीवाला तरी वेगळं कुठे घेतो?” आम्ही डब्यांचे रंग ठरवायला दोन तास घालवले होते. कचरा पुढे कुठे जातो हे विचारायला दोन मिनिटं घालवली नव्हती. मावशींच्या कामात परस्पर आणखी एक काम वाढवायचं आणि त्याला आपला उपक्रम म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांना काम वाढवून द्यायचं असेल तर दुसरं काहीतरी कमी करून द्या किंवा मोबदला द्या. आम्ही शेवटी दोनच डबे ठेवले, कोरडा कागद आणि बाकीचं सगळं. कागदाचं पोतं आठवड्यातून एकदा मुलंच खाली न्यायची. चार रंगांपेक्षा ते दिसायला फिकं होतं, पण मी निवृत्त झाले तेव्हा चालू होतं.

जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात १९९०च्या दशकात ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची योजना निघाली आणि पुढे युरोपात इतरत्रही पसरली. शाळांचं वीज, पाणी नि इमारत तापवण्याचं बिल नगर प्रशासन भरतं. शाळेने सवयी बदलून त्यात बचत केली तर वाचलेल्या पैशांतला अर्धा वाटा शाळेला. पैशाचं आमिष सगळ्यांना दिसतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते : शाळेच्या ऊर्जा गटात मुलांबरोबर आणि शिक्षकांबरोबर इमारत सांभाळणारा माणूसही बसतो. उघडच आहे, बॉयलरची कळ त्याच्या हातात. मुलांनी कितीही सुंदर फलक रंगवले तरी रविवारी रिकाम्या इमारतीत बॉयलर चालू आहे का, हे त्यालाच ठाऊक असणार.

आता आमच्याकडे टिकलेल्या एका गोष्टीबद्दल. ती उपक्रम म्हणून सुरूच झाली नव्हती. आठवीतला एक मुलगा रोज उशिरा यायचा. शिक्षा म्हणून मी त्याला सांगितलं, सगळ्यांच्या आधी येऊन पाण्याच्या मीटरचा आकडा लिहायचा आणि सगळे गेल्यावर पुन्हा लिहायचा. मीटर फाटकाजवळच्या खड्ड्यात, वर लोखंडी झाकण. गुडघ्यावर बसून, काचेवरची माती बोटाने पुसून वाचावं लागायचं. काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे. चौथ्या दिवशी तो वही घेऊन आला. “बाई, रात्री शाळेत कोण पाणी पितं?” संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा एकच असायला हवा होता. तो रोज पुढे सरकत होता.

आम्ही दोघं जाऊन खड्ड्यापाशी वाकलो. सगळे नळ बंद. तरी मीटरच्या काचेखालचं चांदणीसारखं इवलंसं चाक हळूहळू फिरत होतं. मग प्रत्येक स्वच्छतागृहाच्या फ्लशच्या टाकीत थोडा थोडा रंग टाकला, पाणी न सोडता अर्धा तास थांबलो. मुलींच्या बाजूला तिसऱ्या भांड्यात निळी रेघ उतरली. आतली रबरी झडप झिजली होती. आवाज नाही, ओघळ नाही, कुणाला कधी दिसलंच नव्हतं. झडप बदलली. दुसऱ्या सकाळी वहीत दोन सारखे आकडे आले. त्या पोराने त्यांच्याभोवती चौकट काढली.

ती वही पुढे १४ वर्षं चालली. असं का, यावर मी बराच विचार केलाय. काम दोन मिनिटांचं होतं आणि एकट्याने होणारं. कुणाची परवानगी लागत नव्हती. एखादा दिवस चुकला तर रिकामा रकाना ओरडून सांगायचा. पण या सगळ्यापेक्षा मोठं कारण कार्यालयातले हेडक्लार्क. पाण्याचं बिल आलं की ते वही मागवून आकडे ताडून बघायचे. एकदा बिलातली चूक त्यांनी वहीच्या जोरावर दुरुस्त करून घेतली, आणि तेव्हापासून वही दोन दिवस आली नाही की ते स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. वहीला गिऱ्हाईक मिळालं होतं. तुमच्या कागदाच्या डब्याला, तुमच्या खताला गिऱ्हाईक कोण? बागेत ते खत हवंय असं म्हणणारा कुणी आहे का? नसेल तर टाकी उघडून उपयोग नाही, ती पुन्हा बंद पडेल.

तेव्हा तू हो म्हण, आणि नवं काहीही जाहीर करू नकोस. पहिल्या महिन्यात फक्त विचारत फीर. मावशींना, शिपाईमामांना, माळी असेल तर त्याला, कार्यालयाला. जुन्या चारांपैकी एकच काम निवड. आणि सातवीतली एक मुलगी आतापासून बरोबर घे. तिला नुसतं बघायला लावू नकोस, करू दे आणि बिघडवू दे, तू तिथे आहेस तोवर. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक जाणाऱ्याचं नाव आणि त्याने कुणाला शिकवलं त्याचं नाव असायचं. ते पान माझ्या डोक्यातलं नव्हे, त्या उशिरा येणाऱ्या मुलाच्या.

अशा कामांनी मुलांच्या मनावर कायमचे संस्कार होतात, असं या जागी लिहायची पद्धत आहे. मी ते कधी मोजलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. भिंतीवरचं चित्र राहू दे, ते कुणाचं काही खात नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत दर जागतिक पर्यावरण दिनाला ५० रोपं लावतो. पाहुणे येतात, छायाचित्रं होतात. यंदा एका पालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, गेल्या पाच वर्षांतली झाडं कुठे आहेत? मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर खड्डे दरवर्षी तेच असतात. – एक शिक्षक

उत्तर : म्हणजे खड्डे टिकले! हसण्यावारी नेत नाही, खड्डा तयार असणं ही चांगलीच गोष्ट आहे. आता त्यात झाड टिकवायचं.

तुम्ही एकटे नाही. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानात एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावल्याचा गाजावाजा झाला. काही महिन्यांतच तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने सांगितलं की त्यांनी पाहिलेल्या ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेली आहेत. वेळ चुकीची आणि पाणी अपुरं. सरकारने ते मान्य केलं नाही. पण रोप लावणं आणि झाड होणं या दोन घटनांमध्ये किती अंतर असतं ते त्या वादात दिसलं.

५ जून ही तारीख आली कुठून? १९७२ साली त्या दिवशी स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद सुरू झाली, आणि १९७३पासून तो दिवस पाळला जाऊ लागला. ती तारीख मुत्सद्द्यांच्या सोयीची होती. तुमच्या अंगणातल्या मातीच्या ओलाव्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. त्या दिवशी भाषण करा, गाणी म्हणा. रोपं मात्र जमीन ओली असेल आणि पुढे काही आठवडे ओली राहील अशा वेळी लावा, पाहुणे असोत नसोत.

५० लावू नका. मोठ्या सुट्टीत शाळेत कोण असतं आणि तो माणूस किती झाडांना पाणी घालायला राजी आहे, हे त्यालाच विचारा. तो आठ म्हणाला तर आठ. पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी चुकवायचं नाही, बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा थर द्यायचा, पण पानं खोडाला चिकटू द्यायची नाहीत. आणखी एक मारेकरी कुणाच्या लक्षात येत नाही : गवत कापायचं यंत्र. त्याची फिरती दोरी कोवळ्या बुंध्याची साल गोल सोलते आणि झाड महिन्याभरात उभ्या उभ्या वाळतं. आमची चार झाडं अशी गेली, आणि आम्ही वाळवीला दोष देत बसलो होतो. बुंध्याला जाळीचं कडं करा.

पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या हाती रोप देऊ नका, मोजपट्टी द्या. मागच्या वर्षीच्या झाडाचा घेर मोजू द्या. मोजायला झाड नसेल तर समारंभ आपोआप आटोपशीर होईल.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. ‘इको-स्कूल्स’सारख्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात भाग घेऊन त्यांचा हिरवा झेंडा, म्हणजे पर्यावरणाच्या कामाचं मानांकन, मिळवावा, असं संस्थेचं म्हणणं आहे. त्याने उपक्रमांना स्थैर्य येईल का?

उत्तर : थोडं येईल. हा कार्यक्रम ब्राझीलमधल्या रिओच्या १९९२च्या पर्यावरण परिषदेनंतर आकाराला आला आणि १९९४मध्ये सुरू झाला. त्याच्या सात पायऱ्या आहेत. मला त्यातल्या दोनच महत्त्वाच्या वाटतात : पहिली पायरी समितीची आहे, म्हणजे काम एका उत्साही शिक्षकाच्या खांद्यावरून खाली उतरतं, आणि कृती आराखड्याच्या आधी शाळेची पाहणी आहे, म्हणजे आधी बघा, मग ठरवा. झेंडा कायमचा मिळत नाही, मुदत संपली की पुन्हा पात्र ठरावं लागतं, हेही चांगलंच. धोका असा की झेंड्याच्या वर्षी फायली जाड होतात आणि नंतर त्या शिक्षिकेची बदली होते. पहिल्या झेंड्याला माझं अभिनंदन गृहीत धरू नका. दुसऱ्यांदा मिळाला, आणि तोही वेगळ्या शिक्षकांच्या हाताखाली, तर जरूर कळवा.

प्रश्न : खताच्या टाकीला घाण वास येतो आणि गेल्या आठवड्यात जाड करड्या अळ्या चालत थेट वर्गाच्या दारापर्यंत आल्या. मुलींनी आरडाओरडा केला. पालक टाकी बंद करा म्हणतात. – एक शिक्षिका

उत्तर : टाकी बंद करू नका, कोरडं घाला. ओल्या कचऱ्याचा एक भाग असेल तर वाळलेली पानं नि फाडलेला कागद मिळून दोन ते तीन भाग हवेत. नाक चुरचुरेल असा अमोनियाचा वास असेल तर ओलं जास्त झालंय. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, वर-खाली करा. मूठभर काढून पिळा. एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधी ओलं घालणं थांबवा आणि वर पानांचा जाड थर पसरा. निम्म्या तक्रारी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी येतात.

तुमच्या वर्णनावरून अळ्या ‘ब्लॅक सोल्जर’ माशीच्या दिसतात. टाकीत असतात तोवर तुमचंच काम करत असतात, आणि त्यांची माशी चावत नाही. पूर्ण वाढ झाली की त्या गडद होतात आणि कोशात जाण्यासाठी ओल सोडून कोरड्या जागेच्या शोधात निघतात. वर्गावर त्यांचा राग नाही, तुमचा व्हरांडा कोरडा आहे एवढंच. टाकीच्या पायाशी सुक्या मातीची किंवा भुशाची पेटी ठेवा, त्या तिथेच थांबतील. बाहेर आलेल्या सुपलीत भरून तिकडेच सोडा. आणि त्या आरडाओरड्यात एखादं मूल खाली वाकून अळी निरखत बसलं होतं का, ते वर्गात विचारून बघा. बसलं असेल तर टाकी त्याच्याकडे सोपवा.